उंडीच्या जागी उभा माणूस

आडबंदरच्या दर्याकाठच्या टेकडीला उंडीचा टेंब म्हणतात आणि त्याच्यावर उंडीचं एकही झाड नाही. उंडी सोडा, साधी करवंदाची जाळीसुद्धा माथ्यावर कोणी वाढू देत नाही. खाली दोन्ही अंगांना माड, रातांबे आणि सुरंगीची दाटी आहे, मधोमध विळ्याच्या पात्यासारखी वाकलेली वाळूची पुळण आहे, आणि ती इतकी आडोशाला आहे की बाहेर दर्या खवळलेला असला तरी आत बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून गप्पा मारतात. माथा तेवढा बोडका.

पुळणीवर सिमेंटचा एक पुतळा आहे. भरघोस मिशा, डोक्याला फेटा, उजव्या हातात उगारलेली तलवार, आणि खाली फलक: 'आडबंदरचे संस्थापक दर्यावीर हिरोजी सारंग'. येणारे पाहुणे आधी नारळपाणी पितात, मग पुतळ्याला खेटून फोटो काढतात. हिरोजीने जन्मात तलवार धरली नव्हती. त्याने धरली ती कुऱ्हाड, आणि तीही एका झाडावर. गावात हे तोंडावर सांगणारा माणूस एकच आहे, आणि तो हिरोजीच्याच वंशातला आहे. त्याचं नाव बाबल सारंग. वय बहात्तर, पायात चप्पल नाही, जिभेला हाड नाही.

कार्तिक वद्य पंचमीला हा बाबल सूर्य उगवल्यापासून टेंबावर उभा होता. हातात बारा हात लांबीचा बांबू, बांबूच्या टोकाला बांधलेलं कुसुंबी लुगडं. पुण्याहून आलेले दामले आणि दामलेबाई दुपारी धापा टाकत वर आले. त्यांची लेक आणि जावई डॉल्फिन बघायला तालुक्याच्या बंदरातून आणलेल्या होडीने बाहेर गेले होते. दामल्यांना बोट लागते, म्हणून ही दोघं मागे राहिली होती.

दामल्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि बाबलचे समोरून दोन आणि बाजूने एक असे फोटो काढले. "काका, जरा हसा की," ते म्हणाले. "कसला फेस्टिव्हल आहे हा?"

"फेस्टिव्हल नाही," बाबल म्हणाला. "शिक्षा आहे."

"व्हेरी इंटरेस्टिंग," दामले म्हणाले आणि खाली बसले. बाबलला ते मुळीच आवडलं नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं त्याच्या मनात आलं. पण त्याला जागा सोडून जाता येत नव्हतं आणि ही माणसं हलायला तयार नव्हती. तेव्हा दर्यावरची नजर न काढता त्याने सांगायला सुरुवात केली.

फार वर्षांपूर्वी, असं सांगतात, दक्षिणेकडच्या एका बंदरातून तीन मचवे निघाले. का निघाले, तर चाचे आले म्हणून. चाचे आले तेव्हा त्या गावातले काही लढले, काही मेले, आणि काहींनी मचव्यात बसून काढता पाय घेतला. आडबंदरची वस्ती या तिसऱ्या प्रकारच्या लोकांची. बाबल इथे जरा थांबला, कारण ऐकणाऱ्यांना नेहमी वाटतं की आता लढाई येणार. लढाई काही येत नाही.

तिन्ही मचव्यांचा वडील तांडेल हिरोजी सारंग. त्याच्याबरोबर त्याची धाकटी बहीण मथू आणि तिचा नवरा धाकू होता. चार दिवस हे लोक दर्यात भरकटले. पिण्याचं पाणी संपलं, वारा फिरला, मचव्यात पाणी शिरू लागलं. ते पाणी उपसत मथू चार दिवस बसली होती, आणि हिरोजी चार दिवस देवाला बोल लावत बसला होता. पाचव्या दिवशी किनारा दिसला, पण शिरायला वाट नव्हती. जिथे बघावं तिथे खडपांवर लाटा फुटत होत्या. मग टेंबावर एकटी उभी असलेली उंडी दिसली आणि तिच्या खाली पुळणीवरचा पांढरा धोंडा दिसला. मचवा पुढे सरकला तशी उंडी बरोबर धोंड्याच्या माथ्यावर येऊन बसली, आणि तेवढ्या एका पट्ट्यात पाणी फुटत नव्हतं. मचव्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तिकडे धरली आणि तिन्ही मचवे आत आले. ह्यात हिरोजीची अक्कल शेंगदाण्याएवढीही नव्हती. झाड उभं होतं, म्हणून माणसं जगली.

पुळणीच्या कडेला गोड्या पाण्याचा झरा होता. ढोसून पाणी प्याल्यावर हिरोजीला देव आठवला. तो टेंबावर चढला, उंडीच्या बुंध्याशी नारळ फोडला आणि सगळ्यांच्या समोर म्हणाला, "तू आमका आत घेतलंस. आता ह्या बंदरात जो येतलो तो आमचो. तेका आमी भायर ठेवचंव नाय."

गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण आमच्याच घरावरून निघाली असावी, असं बाबलचं मत आहे.

तीन वर्षं गेली. घरं उभी राहिली, पोरं झाली, बांबूंच्या मांडवांवर मासे सुकू लागले. आडोशाचं बंदर, गोडं पाणी, वाऱ्याची भीती नाही. दैवाने दिलेलं हे सगळं हिरोजीला हळूहळू स्वतः कमावल्यासारखं वाटू लागलं. तो झऱ्याजवळच्या कातळावर पाय पसरून बसे आणि 'माझं बंदर' असं म्हणे. आयत्या बिळावर नागोबा तो हाच. मग त्याला नवी काळजी लागली. इतकी चांगली जागा कोणाला कळली तर? क्षितिजावर शीड दिसलं की त्याचं तोंड कडू होई. शीड पुढे निघून गेलं की तो जेवायला बसे.

आडबंदरच्या लोकांची एक खोड होती. ते होडी शिडावरून ओळखत. कोणाच्या शिडाला कुठे ठिगळ आहे, कोणाचं किती विटलं आहे, हे बारक्या पोरांनाही पाठ होतं. शीड ओळखीचं दिसलं की होडी आपली, नाही दिसलं की परकी. नाळ कशी आहे, सुकाणूवर कोण आहे, हे कोणी बघतच नसे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे त्यांनी शिडावरून ठरवून टाकलेलं होतं.

त्या वर्षी कार्तिकात धाकू नऊ गडी घेऊन मीठ आणायला उत्तरेला गेला होता. पंचमीच्या दिवशी सकाळपासून आभाळ गढूळ होतं आणि दुपारी नैर्ऋत्येचा वारा सुटला. अशा वाऱ्यात बाहेर एक शीड दिसलं. आडबंदरची सगळी शिडं पांढरी. हे होतं काव दिलेलं, तांबडं, वरच्या कोपऱ्यात काळं ठिगळ. असलं शीड कोणी कधी पाहिलं नव्हतं. मचवा किनाऱ्याकडे तोंड करून खडपांच्या बाहेरून आत यायची वाट धरू बघत होता, हे टेंबावरून सगळ्यांना दिसत होतं.

"परके," हिरोजी म्हणाला.

"वारो वाढता हा," मथू म्हणाली. "येवंदे तेंका आत."

 हिरोजीने कुऱ्हाड आणवली. परक्यांना अडवायचं तर पुळणीवर उतरून उभं राहावं लागलं असतं, समोर बघावं लागलं असतं, कदाचित दोन हात करावे लागले असते. असला उद्योग ह्या घराण्याने पूर्वीही केला नव्हता. त्यापेक्षा झाड पाडणं सोपं. टेंबावर झाड नसलं की बाहेरच्याला वाट सापडणार नाही, आणि वाट सापडली नाही म्हणजे आपण कोणाला नाही म्हटलं असंही होणार नाही.

मथू आडवी आली. "दादा, ह्या झाडाक नवस केल्लंस मां तू?"

"झाडाक केल्लंय," हिरोजी म्हणाला. "झाड नाय तर नवस नाय."

ह्या जातीची अक्कल आमच्या घरात अजून शिल्लक आहे, असं बाबल दामल्यांना म्हणाला. गेल्या वर्षी खाली पुतळा बसवला तीही हीच.

हिरोजीने आणि त्याच्या दोन गड्यांनी पाळीपाळीने घाव घातले. उंडीचं लाकूड चिवट. पण भ्याडाच्या अंगात अशा वेळी भलतं बळ येतं. झाड कडाडून टेंबाच्या उताराला आडवं झालं, आणि तिकडे बाहेर मचव्याने तोंड फिरवलं. ज्या खुणेकडे तो येत होता ती खूणच नाहीशी झाली होती. मचवा वळला तेव्हा त्याची बाजू पहिल्यांदा किनाऱ्याला दिसली, आणि मथूला नाळ दिसली. नाळेला नव्या फिक्या लाकडाचा जोड होता. तो जोड भाद्रपदात धाकूने तिच्या समोर बसून बसवला होता, लाकूड तिनेच धरलं होतं.

"नाळ बघा," ती म्हणाली. "शीड कसला बघतास? नाळ बघा. आमचो मचवो आसा तो."

पुढे कळलं ते असं. वाऱ्याने धाकूचं शीड वाटेतच फाटून गेलं होतं. त्याच वाऱ्यात त्याला एक मोठा मचवा भेटला. त्यात दक्षिणेच्या त्या जुन्या गावची माणसं होती, चाच्यांशी लढायला मागे राहिलेली. तीन वर्षं झगडून शेवटी तीही गाव सोडून निघाली होती. ज्यांनी आपल्याला टाकून पळ काढला त्यांतलाच हा धाकू, हे त्यांनी ओळखलं होतं. तरी त्यांनी आपल्या दोन शिडांतलं चांगलं शीड त्याला काढून दिलं आणि म्हणाले, तू पुढे हो, आम्ही मागून येतो.

टेंबावर तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हतं. कळलं होतं एवढंच, की दहा घरांची दहा माणसं खडपांच्या बाहेर आहेत आणि आत यायची वाट हिरोजीने तोडली आहे.  हिरोजी तोडलेल्या बुंध्यावर बसला आणि कपाळ बडवू लागला. "शीड परक्यांचा होता, मी काय करू?" हेच पुन्हा पुन्हा. दोघा-चौघांनी आडवी झालेली उंडी उचलून पाहिली. ती काय उचलते! मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. उभं राहून बघण्यात आमच्या लोकांचा हात कोणी धरणार नाही.

मथू खाली धावली. मासे सुकवायच्या मांडवाचा सगळ्यात लांब बांबू तिने उपसला आणि तो ओढत वर आली. बांबूच्या टोकाला बांधायला काहीतरी मोठं आणि लांबून दिसेल असं हवं होतं. तिथे तसं एकच वस्त्र होतं, तिच्या अंगावरचं नऊवारी कुसुंबी लुगडं. तिने शिडाच्या फाटक्या कापडाचा तुकडा कमरेला गुंडाळला आणि लुगडं सोडलं.

तेव्हा हिरोजी ताडकन उठला. "मथू, ता लुगडा आंगार घे. घराची अब्रू आसा."

"घराची अब्रू मगाशीच पडली," मथू म्हणाली. "थय आडवी पडली आसा, बघ."

तिला तसं बघून पुरुषांनी माना खाली घातल्या आणि पाठी फिरवल्या. सगळ्यांनी. त्यामुळे बांबू धरायला एकही पुरुष पुढे आला नाही. कुऱ्हाड चालत होती तेव्हा ह्यांतल्या एकाची मान खाली गेली नव्हती. तेव्हा सगळे डोळे उघडे ठेवून बघत होते. मर्यादा आठवली ती बाईने जीव वाचवायला घेतला तेव्हा.

बांबूचं बूड मथूने बुंध्याच्या घावात रोवलं आणि तो दोन्ही हातांनी उभा धरला. वाऱ्यात नऊ वार लुगडं ओढ घेई, बांबू तिच्या खांद्याला घासे, पाय घसरत. ती हलली नाही. बाहेर धाकूला टेंबावर तांबडं काहीतरी दिसलं. ते काय आहे हे त्याला कळलं नाही, पण ते कुठे आहे हे कळलं. ते पांढऱ्या धोंड्याच्या माथ्यावर येईपर्यंत त्याने मचवा सरकू दिला, नाळ सरळ धरली आणि दहाच्या दहा माणसं आत आली.

धाकू पळत टेंब चढला आणि त्याने बांबूला हात घातला. मथूने बांबू सोडला नाही.

"मागसून कोण आसा?" तिने विचारलं. नवऱ्याला ती ओळखत होती. आत आल्यावर तो एकदा मागे वळून दर्याकडे बघून आला होता, हे तिला वरून दिसलं होतं.

"ज्यांचा शीड ते," धाकू म्हणाला.

"मगे ते येवंदेत."

त्यांचा मचवा जड होता, माणसांनी भरलेला, आणि चांगलं शीड देऊन बसल्यामुळे अर्धाअधिक वल्ह्यांवर येत होता. दिवस कलला, सूर्य दर्याला टेकला, तरी ती दोघं बांबू धरून होती. उजेड संपता संपता तो मचवा धोंड्याच्या रेषेला लागला आणि आत आला. चौदा माणसं उतरली. त्यांच्यातला वडील माणूस बुधाजी. त्याने हिरोजीला पाहताक्षणी ओळखलं.  तो पुळणीवर थुंकला आणि पोरांसाठी पाणी मागितलं.

इथे दामलेबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "मग त्या देवी झाल्या का हो? देऊळ कुठे आहे त्यांचं?"

ह्या प्रश्नाने बाबलच्या कपाळाची शीर दर वेळी उडते. काही कीर्तनकार सांगतात की मथूचे हात खाली आलेच नाहीत, ती तिथेच शिळा झाली. मथू शिळा झाली नाही. ती तीस वर्षं जगली, मासे विकले, सुनांशी भांडली. उजवा हात तेवढा पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. "देवी केली की लोक सुटतात," बाबल म्हणाला. "हळद-कुंकू वाहिलं की झालं. बांबू धरायला नको."

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर पंच बसले. कोणी म्हणालं, हिरोजीला मचव्यात घालून सोडून द्या. कोणी म्हणालं, वडील माणूस आहे, चुकला. हिरोजी स्वतः म्हणाला की मी टेंबावर एक सोडून दहा उंडी लावतो. हे सांगताना त्याची मान ताठ होती, जणू दहा झाडं लावून तो गावावर उपकार करणार होता.

मथूला विचारलं. ती म्हणाली, "दहा लावतलो. आणि ती वाढासर लोकांनी बुडाचा काय?" मग ती हिरोजीकडे वळली. "झाड तू तोडलंस मां? आता तूच झाड. सकाळी उभो रवाचा आणि शेवटची होडी आत येयसर हलाचा नाय. कोणाची पण असूंदे. आणि मी उतर म्हणासर उतराचा नाय."

तिच्या शब्दावर टेंबाचा माथा मोकळा ठेवला. झाड उगवलं तर माणूस सुटेल, म्हणून उगवणारं प्रत्येक रोप उपटायचं ठरलं. आणि हिरोजी सारंग, आडबंदरचा मालक, बांबू घेऊन उभा राहिला. रोज संध्याकाळी मथू वर यायची, दर्यावरच्या होड्या मोजायची आणि म्हणायची, "उतर." दादा नाही, हिरोजी नाही, नुसतं उतर. तो टेंबाच्या पलीकडच्या अंगाने उतरायचा, म्हणजे गावाला तोंड दाखवायला नको. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. कोणी नवखा भेटला की तो सांगे, मी वर बंदराची राखण करतो. एवढ्या वर्षांत त्याने बहिणीची माफी मागितली असं कोणी सांगत नाही.

मग एका आषाढात मथू वारली. पावसाळा सरून दर्या उघडला, होड्या बाहेर पडल्या, संध्याकाळी परत आल्या. हिरोजी तोवर पार म्हातारा झाला होता. तो वर उभाच. लोक म्हणाले, उतर आता, झालं. तो म्हणाला, "तिना सांगूक होया." लोक हसले आणि जेवायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तसाच उभा होता. त्याच्या मुलांनी त्याला ओढून पाहिलं, तर त्याने बांबूला मिठी मारली. आपल्या ह्या पूर्वजाने आयुष्यात सरळ केलेली गोष्ट ही एकच, असं बाबल म्हणतो, आणि म्हणताना त्याचा आवाज जरा उतरतो.

त्या दुपारी बुधाजीची लेक चिमा टेंबावर आली. तांबड्या शिडाच्या लोकांतली ती. त्या पंचमीला ती आईच्या मांडीवर होती, आता तिची स्वतःची दोन पोरं होती. तिने मथूसारख्या होड्या मोजल्या आणि म्हणाली, "उतर."

हिरोजीला दिसत कमी होतं. त्याने विचारलं, "कोणाची गो तू?"

"भायरची," चिमा म्हणाली.

 हिरोजीने बांबू सोडला आणि तो उतरला. त्या दिवशी तो गावाच्या अंगाने उतरला, म्हणे, सगळ्यांच्या देखत. त्यानंतर तो आठ दिवसांनी गेला.

"काय सुंदर परंपरा आहे," दामले म्हणाले.

"सुंदर?" बाबल म्हणाला. "तिसऱ्या पिढीत आमच्या लोकांनी ह्याला मान म्हणायला सुरुवात केली. शिक्षेचा मान! डोक्याला फेटा बांधला, पुढे ढोल लावला, नारळ घेतला. माझ्या बापाने आणि चुलत्याने वर कोणी उभं राहायचं म्हणून सतरा वर्षं कोर्टात दावा चालवला. जोडे कोणी खायचे, ह्यावर दोन भाऊ भांडले." आता होड्यांना इंजिनं आली, दीपगृह झालं, तेव्हा उभं राहणं वर्षाला एका दिवसावर आलं. बाबलचे भाऊबंद अकरापर्यंत उभे राहत, फोटो निघाले की उतरून मटणाला जात. वीस वर्षांपूर्वी बाबलने बांबू त्यांच्या हातून काढून घेतला. फेटा त्याने ढोलवाल्याच्या डोक्यावर ठेवला.

एवढं होईतो सूर्य कलला होता. गावच्या होड्या एकामागून एक आत आल्या. पैलवाडीची प्रमिला वर आली. पैलवाडी म्हणजे बुधाजीच्या लोकांची वाडी. 'उतर' हा शब्द सांगायचा अधिकार चिमापासून त्याच वाडीच्या बायकांकडे आहे. प्रमिला मासळीच्या लिलावावरून तशीच आली होती, पदर खोचलेला, हाताला खवलं. तिने डोळ्यांवर हात धरून दर्या पाहिला.

"झालं ना?" दामले उठत म्हणाले. "सगळ्या आल्या. आता उतरा काका, चहा घेऊ."

"एक भायर आसा," प्रमिला म्हणाली.

खडपांच्या बाहेर एक होडी येरझाऱ्या घालत होती. वारा वाढला होता. तालुक्याच्या बंदरातला तो होडीवाला ह्या बंदरात कधी शिरला नव्हता. सकाळी त्याने पाहुण्यांना रस्त्याच्या धक्क्यावरून घेतलं होतं आणि आता वाऱ्यामुळे त्याला तिकडे जाता येत नव्हतं. दामल्यांनी डोळे बारीक केले. मग त्यांना जावयाचा पिवळा शर्ट दिसला. त्यांनी फोन काढला, फोनला रेंज नव्हती. ते कड्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"अहो, वर धरा ना ती काठी," ते ओरडले. "आणखी वर धरा."

बाबल सकाळपासून जितका उंच धरू शकत होता तितकाच उंच धरून होता.  दामल्यांनी बांबूला हात घातला तेव्हा त्याने कोपराने त्यांना दूर सारलं.

"मागे व्हा," तो म्हणाला. "झाड तुम्ही तोडलं नाही."

होडी दोनदा खडपांच्या फार जवळ आली आणि दोनदा मागे गेली. तिसऱ्यांदा होडीवाल्याने मान वर केली. वरची खूण खालच्या खुणेवर आणायची, हे कुठल्याही बंदरच्या होडीवाल्याला ठाऊक असतं; मग तो सरळ समोर आला नाही. तो आडवा सरकत राहिला, हळूहळू, कुसुंबी लुगडं धोंड्याच्या माथ्यावर येईपर्यंत. आणि मग नाळ वळली. दामलेबाई खाली बसल्या होत्या. होडी आतल्या सपाट पाण्यात शिरली तेव्हाही त्या बसूनच होत्या.

प्रमिलाने पुन्हा एकदा सगळा दर्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. घाई केली नाही.

"उतर," ती बाबलला म्हणाली.

त्याने बांबू खाली घेतला, लुगडं सोडलं, घडी केली आणि तिच्या हातात दिली. दामलेबाई उठून त्याच्या पाया पडायला वाकल्या, तसा तो झटकन मागे सरला.

"माझ्या नको," बाबल म्हणाला. "मी तोडणाऱ्याच्या घरचा."

आजही आडबंदरात आत आलेल्याला आधी जेवायला वाढतात आणि तो कोण, कुठला, हे हात धुतल्यावर विचारतात. त्या संध्याकाळी प्रमिलाच्या ओटीवर दामल्यांची चार पानं मांडली होती, होडीवाल्याचं पाचवं. बाबल टेंबाच्या पलीकडच्या अंगाने, गावाकडे न बघता, एकटाच उतरून गेला.